सफरचंदाच्या फांद्यांवर कापूस: हा लोकरी मावाच का?

अंगणवेल (१८ मे, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये केंटला राहते. दोन वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा परसातलं सफरचंदाचं जुनं झाड घराबरोबर मिळालं. ब्रॅम्ली जातीचं आहे, म्हणजे आंबट, शिजवून खायचं. शेजारच्या आजी सांगतात की झाड साठीच्या पुढचं आहे. गेल्या हिवाळ्यात माणूस बोलावून छाटणी करून घेतली. आता बघते तर जिथे जिथे फांदी कापली होती तिथे कोणी कापूस चिकटवून ठेवावा तसं पांढरं काहीतरी आलंय. नव्या फुटव्यांच्या बेचक्यांतही आहे. बोटाने चिरडलं तर बोट वाळक्या रक्तासारखं तांबूस झालं.

मी मूळची वाळवा तालुक्यातली. २००२ साली आमच्या उसावर लोकरी मावा ही कीड आली तेव्हा मी नववीत होते. सरीतून चालताना ती पांढरी लोकर केसांना, ओढणीला चिकटायची. पानं वरून काळी पडलेली. अण्णा (माझे वडील) संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहायचे आणि घरी आल्यावर जेवायचेसुद्धा नाहीत नीट. परवा फांदीवर तशीच लोकर बघितली आणि पोटात गोळा आला.

हा तोच मावा आहे का? झाड जाईल का? काय मारू? पोरं दिवसभर त्या झाडाखाली असतात, आणि फुलं गळून आत्ता कुठे फळं धरलीत. जाणकारांनी कृपया सांगा.

काळीमाती (१८ मे, रात्री १०:२५)

ताई, माझाही हाच प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यात अर्ध्या एकरावर एचआरएमएन-९९ जातीचं सफरचंद लावलंय, तिसरं वर्ष. खोडाच्या खपलीत पांढरं दिसतंय. उत्तरं वाचतोय.

देवदार (१९ मे, सकाळी ७:१५)

अंगणवेल, तुमच्या वर्णनावरून हा लोकरी मावाच, पण उसावरचा नव्हे. उसावरचा सेराटोव्हॅक्युना लानिजेरा, सफरचंदावरचा एरिओसोमा लानिजेरम. दोन्ही नावांतल्या 'लानिजेरा'चा अर्थ लोकर वाहणारा एवढाच. उसावरचा आपल्या आशियातला आहे, सफरचंदावरचा मूळचा उत्तर अमेरिकेतला. एक दुसऱ्याच्या पिकावर जगत नाही, तेव्हा ती धास्ती मनातून काढून टाका.

चिरडल्यावर तांबूस डाग पडतो ही याची जुनी खूण. जर्मनीत याला 'ब्लुटलाउस' म्हणतात, म्हणजे रक्ताची ऊ.

मी गेली अकरा वर्षं शिमला जिल्ह्यात, कोटखाईच्या बाजूला, बागायतदारांबरोबर काम करतोय. इथे हा किडा प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. त्याची राहणी समजून घेतलीत तर पुढचं सोपं जाईल.

ती लोकर म्हणजे त्याच्या अंगातून निघणारे मेणाचे धागे. पाणी आणि औषध दोन्ही त्यावरून ओघळून जातं. आत जांभळट-तपकिरी, गुबगुबीत मादी बसलेली असते. अमेरिकेत हा किडा हिवाळ्यासाठी तिथल्या एल्म झाडावर जातो आणि तिथे नर-मादी होऊन अंडी घालतो. तो एल्म जिथे नाही, म्हणजे तुमच्याकडे आणि आमच्याकडेही, तिथे नराशिवायच काम चालतं. माद्या थेट पिल्लं घालतात आणि बारा महिने सफरचंदावरच राहतात. थंडीत पिल्लं सालीच्या भेगांत आणि जमिनीखाली मुळांवर लपतात. ऊब आली की खोडावरून वर चढतात.

कोवळ्या सालीत सोंड खुपसून रस शोषला की तिथे गाठ येते. अशा गाठी धरलेल्या फांद्या थंडीत तडकतात आणि त्या भेगेतून कँकरची, म्हणजे साल कुजवणारी बुरशी आत शिरते. रस गेल्यापेक्षा हे नुकसान मोठं. मुळांवर गाठी झाल्या तर लहान झाड खुरटतं. साठ वर्षांचं झाड मात्र एवढ्याने जात नाही.

छाटणीच्या जखमांवरच का आला, हेही त्यात आलं. जखमेच्या कडेने नवी साल भरून येत असते, ती पातळ आणि रसदार असते. त्याला तीच हवी असते.

हिरवीपेठ (१९ मे, सकाळी ११:०५)

सरळ इमिडाक्लोप्रिड मारा, आठ दिवसांत स्वच्छ. माझी रोपवाटिका आहे, जास्वंदीवर, गुलाबावर आम्ही तेच वापरतो. उगाच ताटकळत बसू नका.

अंगणवेल (१९ मे, दुपारी ४:३०)

देवदार, मनापासून आभार. रात्री झोप लागेल आता.

हिरवीपेठ, इथे ते औषध उघड्यावर वापरायला २०१८ पासून बंदी आहे, मधमाश्यांमुळे. आणि बंदी नसती तरी पोरांच्या झाडावर मारायला माझा हात धजला नसता. २००२ ला अण्णांनी काय काय मारलं ते डोळ्यांसमोर आहे.

आज अजून एक दिसलं. बुंध्यापाशी जमिनीतून चार-पाच फुटवे आलेत, त्यांच्यावर तर वरच्यापेक्षा जास्त लोकर आहे.

कृष्णाकाठ (१९ मे, रात्री ८:५०)

पोरी, तू २००२ चा विषय काढलास म्हणून लिहितो. मी तेव्हा एका कारखान्याच्या शेती खात्यात होतो, आता निवृत्त.

हा मावा ईशान्य भारतात आधीपासून होता. आपल्याकडे २००२ च्या जुलैत सांगली जिल्ह्यात दिसला आणि दोन-तीन हंगामांत सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, खाली बेळगाव-बागलकोटपर्यंत गेला. पंखाचा मावा वाऱ्याने जायचा आणि उरलेलं काम आपण वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पानांनी केलं. एका गावातून दुसऱ्या गावात जनावरांसाठी वाढ्यांच्या मोळ्या जायच्या, पानांखाली मावा तसाच.

औषधं मारली, भुकटी धुरळली. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात माणूस शिरणार कसा? कडेच्या दोन सऱ्या भिजायच्या, आतला मावा तसाच राहायचा. त्यातून मावा पानाच्या खालच्या अंगाला, वर लोकर. मी स्वतः शेतकऱ्यांना फवारण्या सांगितल्या. ज्ञान होतं तेवढं सांगितलं, पण त्याचं वाईट अजून वाटतं, कारण पुढे जे कळलं ते असं.

काही फडांत माव्याच्या मधोमध बारीक जाळी दिसू लागली, आत एक अळी. शेतकरी म्हणाले, साहेब, आता अळीपण आली, हिला काय मारू? ती डिफा होती. डिफा अफिडिव्होरा, पतंगाची अळी आहे, आणि तिचं खाणं म्हणजे मावा. दुसरा मायक्रोमस, त्याची अळी माव्यामागे पळत फिरते. जिथे फवारणी थांबली तिथे हे दोघे वाढले. मग विद्यापीठांनी, मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेनं हे मित्रकीटक हाती घेतले. आम्ही डिफाच्या अळ्या-कोष असलेली पानं कापून आणायचो, तुकडे करायचो आणि मावा लागलेल्या फडातल्या पानांना स्टेपलरने टाचायचो. अधिकारी, मजूर, कॉलेजची पोरं, सगळे स्टेपलर घेऊन उसात. आसामातून एन्कार्सिया नावाची गांधीलमाशीच्या जातीतली चिमुकली माशीही आणून सोडली. तीन-चार वर्षांत माव्याचा जोर मोडला.

तुझ्या वडिलांना विचार, त्यांना जाळीतली अळी आठवत असेल.

सफरचंदातलं मला काही कळत नाही. एवढंच सांगेन, लोकर दिसली की आधी लोकरीच्या आत बघ. तिथे अजून कोण राहतंय ते बघितल्याशिवाय हातात पंप घेऊ नकोस.

अंगणवेल (१९ मे, रात्री ११:२०)

काका, तुमचं वाचून अण्णांना फोन केला. तिकडे पहाटे उठतात ते, साडेतीनचं आटपून बसले होते. म्हणाले, "आठवते की. मी तीन वाफ्यांतली अळी मारली आणि मग साहेब येऊन म्हणाले ती मारायची नव्हती." तुम्हीच असाल की काय ते!

दक्षिणवारा (२० मे, सकाळी ६:००)

न्यूझीलंडमधून, नेल्सनहून. कृष्णाकाठ यांनी उसाचं सांगितलं, सफरचंदाचं तसंच उदाहरण आमच्या गावातलं आहे.

इथल्या कॉथ्रॉन संस्थेत टिलयार्ड नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२१ मध्ये अमेरिकेतून अफेलिनस माली ही परजीवी माशी आणून सोडली. जेमतेम एक मिलिमीटर लांब, काळी. ती एकेका माव्याच्या अंगात एकेक अंडं घालते, अळी माव्याला आतून खाते. मेलेला मावा फुगून काळा होतो, त्याची लोकर गळते, आणि माशी पाठीला गोल भोक पाडून बाहेर पडते. बागायतदार तिची वाटणी करायचे ती फांद्यांनी. परजीवी लागलेली काडी कापायची आणि दुसऱ्याच्या झाडाला बांधायची. तुमच्या स्टेपलरसारखंच. पुढे ही माशी सफरचंद पिकवणाऱ्या बहुतेक देशांत पोचली. जैविक नियंत्रणाच्या यशस्वी उदाहरणांत हिचं नाव फार वर घेतलं जातं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फळ पोखरणाऱ्या अळीसाठी डीडीटी आलं. अळी मेली, पण ही माशीही मेली, आणि बागांत लोकरी मावा पुन्हा उसळला. आजही एखादं जहाल कीटकनाशक फिरलं की दोन महिन्यांत फांद्या पांढऱ्या होतात. मी बागेतच काम करतो, हे डोळ्यांनी बघितलंय.

या माशीची अडचण दोन ठिकाणी. ती मुळांपर्यंत जात नाही. आणि तिला माव्यापेक्षा जास्त ऊब लागते, म्हणून वसंतात मावा पुढे आणि ती मागे. तुमच्याकडे मे-जूनमध्ये कापूस वाढतच जाईल. घाबरू नका. जुलैच्या अखेरीला भिंग घेऊन काळे ठिपके शोधा.

तोवर रात्रीचा एक पहारेकरी आहे: इअरविग, शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा. पन्हळी पुठ्ठ्याची गुंडाळी करून खोडाला बांधा, दिवसा त्यात लपतात आणि रात्री मावा खातात. लोक त्याला बघून चिरडतात, तुम्ही चिरडू नका.

देवदार (२० मे, रात्री ९:१०)

फुटव्यांबद्दल राहिलं होतं. सफरचंदाचं झाड दोन झाडांचं असतं, वर कलम आणि खाली खुंट. बुंध्यातून येणारे फुटवे खुंटाचे. त्यांच्यावर लोकर आहे याचा अर्थ तुमचा खुंट माव्याला बळी पडणारा आहे, आणि मुळांवरही मावा असणार.

योगायोग बघा, यावरचा कायमचा इलाज तुमच्याच केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात तयार झाला. नॉर्दर्न स्पाय नावाच्या अमेरिकन सफरचंदाला हा मावा लागत नाही. ईस्ट मॉलिंग आणि मर्टनच्या जॉन इन्स संस्थेनं मिळून त्याचा संकर करून खुंट काढले, म्हणून नावात एमएम: मॉलिंग-मर्टन. एमएम १०६, एमएम १११. हिमाचलात हे खुंट आम्ही रोज हाताळतो. पण अलीकडे दाट लागवडीसाठी बुटका एम ९ आला, तो लवकर फळ देतो आणि त्याला मावा लागतो. नव्या बागांत म्हणून हा किडा पुन्हा चर्चेत आहे. नवा जिनिव्हा मालिकेतला जी ४१ बुटकाही आहे आणि माव्याला दादही देत नाही.

अफेलिनस आपल्याकडे १९३० च्या दशकातच आणली. दऱ्याखोऱ्यांत, उबदार बाजूला चांगली रुळली. उंचावरच्या थंड बागांत तिचा जोर कमी पडतो.

साठ वर्षांच्या झाडाचा खुंट तुम्हाला बदलता येणार नाही. काय करता येईल ते सांगतो. फुटवे मुळापासून उपटून काढा, कापू नका, कापले की दुप्पट येतात. जखमांवरची लोकर कडक ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढा, मे-जूनमध्ये आठवड्याला एकदा. बेचक्यांत पाण्याची जोरदार धार मारा. मुंग्या वर चढत असतील तर खोडाला चिकट पट्टा बांधा, कारण माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याच्या शत्रूंना हाकलतात. नत्राचं खत यंदा बंद, लुसलुशीत फूट आली की त्याला मेजवानी. आणि शेजारी कोटोनिॲस्टर, पायराकँथा ही बागेतली झुडपं असतील तर तिथेही बघा, तो त्यांच्यावरही राहतो.

काळीमाती, तुमचं झाड जवळून बघायला हवं. पांढरं काडीने खरवडा. आतला किडा चपटा, लंबगोल, अंगावर पिठाची पूड आणि कडेने बारीक झालर असा असेल तर तो पिठ्या ढेकूण. जांभळट, गोलसर असेल तर लोकरी मावा.

काळीमाती (२१ मे, दुपारी १:४०)

खरवडलं. चपटा, झालरवाला. म्हणजे आपला मिलीबग! बाजूला द्राक्षबाग आहे, तिथूनच आला असणार. जीव भांड्यात पडला. त्याच्याशी आमची जुनी ओळख.

एक विचारतो: पुढच्या वर्षी हिमाचलातून अजून रोपं आणायचीत. लोकरी मावा रोपाबरोबर येऊ शकतो का?

देवदार (२१ मे, रात्री ८:००)

येऊ शकतो, आणि जगभर तो असाच फिरलाय. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीला आला आणि तिथे 'अमेरिकन ब्लाइट' म्हणूनच ओळखला गेला.

रोपं घेताना माती झटकून मुळं बघा. मुळांवर गाठींची माळ किंवा फटीत पांढरं दिसलं तर ते रोप परत करा. कलमाच्या जोडाची पट्टी सोडूनही बघा, तिथे लपतो. तुमच्याकडचा कडक उन्हाळा त्याला मानवत नाही, फांद्यांवरचा मावा तगणं अवघड. पण जमिनीखाली किती तगेल यावर विसंबून राहू नका. आणि एचआरएमएन-९९ चं कलम कोणत्या खुंटावर बांधलंय ते नर्सरीला विचाराच. जात सगळे विचारतात, खुंट कोणी विचारत नाही. खालचं झाड वरच्याइतकंच तुमचं आहे.

रानजाई (२३ मे, सकाळी १०:१५)

आमच्याकडे, लंडनजवळ, नाशपातीवर असंच आहे. तेच का?

देवदार (२३ मे, दुपारी २:३०)

नाशपातीच्या मुळांवर एरिओसोमाच्याच दुसऱ्या जाती असतात. फांदीवर असेल तर आधी खरवडून बघा, खवले कीडही कधी कधी पांढरा कापूस सोडते. फोटो टाका.

अंगणवेल (२२ जून, रात्री १०:००)

महिन्याभराचा वृत्तांत. फुटवे उपटले, एका मुळाशी गाठींचा पुंजका होता, आल्याच्या कुडीसारखा. दर रविवारी मी आणि धाकटा ब्रश घेऊन शिडीवर. हाताच्या टप्प्यातल्या जखमा आता स्वच्छ दिसतात. टप्प्यापलीकडे मात्र कापूस वाढलाय, एका फांदीला हातभर लांब. पोरांच्या शर्टांवर चिकट डाग पडतायत. दक्षिणवारा यांनी सांगितलं नसतं तर आज नक्की काहीतरी मारलं असतं. पुठ्ठ्यात चौदा इअरविग मोजले.

शेजारच्या आजींच्या कोटोनिॲस्टरवर आणि त्यांच्या छोट्या सफरचंदावरही आहे.

दक्षिणवारा (२३ जून, सकाळी ५:४५)

थांबा. अजून महिनाभर थांबा.

अंगणवेल (९ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०)

सापडले!!

ज्या फांदीवर हातभर कापूस होता तिथली लोकर विरळ झाली होती, राखाडी पडली होती. भिंग लावलं तर आत काळे, चकचकीत, फुगलेले दाणे, मोहरीपेक्षा लहान. अर्ध्याअधिकांच्या पाठीला टाचणीने केल्यासारखं भोक. एका काळ्या दाण्यातून माशी बाहेर पडताना धाकट्याने पाहिली. आधी डोकं, मग बराच वेळ काही नाही, मग सगळी. तो श्वास रोखून बसला होता.

व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं. कॅमेऱ्यात काय दिसणार, पण ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "भोकं किती आहेत? मोज." एका बोटभर तुकड्यात मी एकतीस मोजली. ते म्हणाले, "मग आता त्याला हात लावू नको."

कृष्णाकाठ (१० ऑगस्ट, सकाळी ६:३०)

डोळ्यांत पाणी आलं, पोरी. अण्णांना माझा नमस्कार सांग.

हिरवीपेठ (१० ऑगस्ट, सकाळी ९:५०)

धागा पहिल्यापासून वाचला. माझ्या जास्वंदीवर मिलीबगसाठी यंदा फवारणीच्या आधी खालच्या बाजूने बघितलं, काही ठिकाणी ढालकिड्याच्या अळ्या होत्या. तेवढ्या कुंड्या वगळल्या. पुढे काय होतं ते लिहीन.

देवदार (१० ऑगस्ट, रात्री ९:३०)

अंगणवेल, हिवाळ्याच्या छाटणीबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. ही माशी थंडी त्या काळ्या दाण्यांच्या आतच काढते. छाटलेल्या काड्या जाळल्या तर पुढच्या वर्षीची फौज जळेल. काळे दाणे असलेल्या काड्या वेगळ्या काढा आणि मे संपेपर्यंत झाडाखाली कोरड्या जागी ठेवा. छाटणीही हलकी करा, मोठ्या जखमा नकोत. इथे आम्ही जखमेवर बोर्डो पेस्ट किंवा चौबटिया पेस्ट लावतो. चौबटियात शेंदूर असतो, म्हणजे शिसं, पोरांच्या झाडाला ती नको.

अंगणवेल (१५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०)

धागा वर काढते. काल छाटणी केली, यंदा मी स्वतः, लहान कात्रीने. गाठी धरलेल्या तीन फांद्या तडकल्या होत्या, त्या निरोगी लाकडापर्यंत कापल्या. काळे दाणे असलेल्या काड्या बाजूला काढल्या, दोन जुड्या झाल्या. एक आमच्या झाडाच्या बुंध्याशी, कौलाखाली ठेवलीय. दुसरी घेऊन आजींकडे गेले. रोगट काड्या त्यांच्या झाडाला कशाला बांधते आहे हे समजावायला अर्धा तास लागला, मग त्यांनीच घरातून सुतळी आणली. बेचक्यात, दक्षिणेकडच्या बाजूला बांधली.

मेमध्ये बघून लिहिते.